नदीच्या नावावरचे पाणी

१९९४ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात एक आगळा सौदा झाला. बक हॉलो नावाच्या लहानशा ओढ्याकाठी गुरे पाळणाऱ्या एका कुटुंबाने आपल्या कुरणाला मिळणारे पाणी काही मुदतीपुरते सोडून दिले. त्याबदली गुरांना पुरेल असा वाळला चारा ऑरेगन वॉटर ट्रस्ट या संस्थेने त्यांना घेऊन दिला. संस्थेने पाणी घेतले खरे. परंतु ते कोठेही नेले नाही. ते ओढ्यात होते, ओढ्यातच वाहू दिले. पैसे मोजून पाणी जागच्या जागी ठेवण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणासही वाटेल. त्याचे उत्तर त्या प्रदेशाच्या कायद्यात आहे.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि खाणकऱ्यांनी ओढ्यांचे पाणी पाट काढून मैलोगणती दूर नेले. त्या धामधुमीत एक नियम रूढ झाला: जो आधी पाणी घेईल त्याचा हक्क आधीचा. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८२ मध्ये हाच नियम उचलून धरला, आणि कोरड्या पश्चिमेत तो सर्वत्र पसरला. प्रत्येक हक्कास एक तारीख असते. अवर्षणाच्या साली टंचाई सर्वांत वाटून घेतली जात नाही. जुन्या तारखेचा धनी आपला वाटा पुरता घेतो, आणि नव्या तारखेच्या धन्यास कोरड्या पाटाकडे पाहत बसावे लागते. दुसरी अट अशी की, हक्क वापरला तरच तो टिकतो. ऑरेगनमध्ये सलग पाच वर्षे पाणी वापरले नाही, तर हक्क बुडतो. आणि वापर म्हणजे पाणी पात्राबाहेर काढणे, असाच अर्थ बहुधा धरला जाई. नदीत वाहणारे पाणी कायद्याच्या लेखी वाया जाणारे पाणी होते. अशा रीतीने कित्येक ओढ्यांचे उन्हाळ्यातील सारे पाणी कागदोपत्री वाटले गेले. नदीच्या वाट्यास काही उरले नाही.

ज्यास वाटा नव्हता त्यात मासाही होता. स्टीलहेड हा ट्राउट जातीचा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो. मादी शेपटीने वाळूगोट्यांत खळगा करून त्यात अंडी घालते. गोट्यांच्या फटींतून गार, वाहते पाणी खेळत राहिले तरच ती जगतात. पिले समुद्राकडे निघण्यापूर्वी एखाददुसरे वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ, ओढ्यातच काढतात. पाणी उथळ झाले की तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. म्हणून ऑगस्टमधील काही आठवड्यांचा कोरडेपणा एक अख्खी पिढी बुडवू शकतो. पुढे पाऊस कितीही पडो, गेलेली पिढी परत येत नाही.

कायद्याने ही चूक हळूहळू सुधारली. १९७३ मध्ये कोलोरॅडोने व १९८७ मध्ये ऑरेगनने प्रवाहात पाणी राखणे हाही पाण्याचा सदुपयोग मानला. तथापि एक अडचण उरलीच. आज नदीच्या नावे हक्क मागितला, तर त्यास तारीख आजची; रांगेत ती सर्वांच्या मागे. टंचाईच्या वर्षी, म्हणजे नेमकी गरज असेल तेव्हा, तो हक्क निरुपयोगी. यावर उपाय एकच: कोणाचा तरी जुना हक्क राजीखुशीने विकत वा भाड्याने घेऊन तो त्याच्या जुन्या तारखेसह नदीच्या नावे करणे. १९९३ साली स्थापन झालेल्या ऑरेगन वॉटर ट्रस्टचे कार्य हेच होते. भाड्याने दिलेले पाणी वापरलेलेच समजले जाते, त्यामुळे शेतकऱ्याचा हक्कही बुडत नाही.

तरीही पाणी विकत घेणारा दारी आला की शेतकरी बिचकतो, आणि त्यास कारण आहे. लॉस एंजेलिस शहराने १९०५ पासून दूरच्या ओवेन्स खोऱ्यातील जमिनी पाण्यासाठी विकत घेतल्या. १९१३ मध्ये तेथील पाणी शहरास पोहोचले. १९२० च्या दशकात ओवेन्स सरोवर कोरडे पडले, आणि खोऱ्यातील शेती खचली. एकाने पाणी विकले म्हणजे शेजाऱ्याच्या पाटाचा, गावच्या दुकानाचा, शाळेचाही प्रश्न उभा राहतो. माशास वाचवताना माणूस उठता कामा नये.

म्हणूनच ऑरेगनमधील व्हिचस ओढ्याचे उदाहरण मोलाचे वाटते. सिस्टर्स गावाजवळ हा ओढा उन्हाळ्यात आटून जाई, कारण त्याचे पाणी कालव्यांत वळवले जात होते. ते कालवे कच्चे. पुष्कळ पाणी वाटेतच जमिनीत मुरे. तेथे कालव्यांऐवजी बंद नळ घातले. वाचलेल्या पाण्याचा वाटा त्याच्या हक्कासह ओढ्यास मिळाला, आणि नळातील पाणी उताराच्या दाबाने शेतात येऊ लागल्याने पंपाचा खर्चही घटला. २००७ पासून त्या ओढ्यात स्टीलहेडची पिले पुन्हा सोडण्यात येऊ लागली.

आपल्या देशात नद्यांचे पाणी असे तारखांनी वाटलेले नाही, त्यामुळे ही रीत जशीच्या तशी येथे लागू होणार नाही. परंतु धरणे व कालवे यांची गरज भागल्यावर नदीस काय उरते, हा प्रश्न आपलाही आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने गंगेच्या हरिद्वारपर्यंतच्या टप्प्यासाठी किमान प्रवाह ठरवून दिला: नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे महिन्यांत २५ टक्के, आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के. वाटणीच्या कागदावर नदीचेही नाव आले, ही मोठीच गोष्ट होय. मात्र नाव लिहिल्याने पाणी वाहत नाही. ते रोज मोजावे लागते, आणि टंचाईच्या वर्षीही नदीचा वाटा नदीस मिळतो की नाही, हे पाहावे लागते. वाटणी खरी की खोटी, हे त्याच वर्षी कळते.