चाकाच्या पोटातली गोष्ट

लग्नसमारंभात ‘दोन शब्द’ बोलावयास उठलेला वक्ता वधूवरांना संसाररथाची दोन चाके म्हटल्यावाचून खाली बसत नाही. मराठीचा अध्यापक म्हणून हे दोन शब्द बोलण्याचा प्रसंग अधूनमधून माझ्यावर येतो, आणि दुसऱ्यांचे ऐकण्याचा तर त्याहून कितीतरी अधिक वेळा. कुणी या रथाला प्रेमाचे वंगण घालतो, कुणी विश्वासाचे घोडे जुंपतो. एका वक्त्याने तर सासूबाईंना ब्रेकची उपमा देऊन अर्धा मांडव हसवला नि अर्धा गप्प केला. परंतु रथाचा भार चाकावर उतरतो तो नेमका कोठे, स्थिर गाडी आणि फिरते चाक यांच्या मधोमध असते तरी काय, याची चौकशी करणारा वक्ता मला अजून भेटावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांना मात्र ही चौकशी सुचली होती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 164 व्या सूक्तात, ज्याला अस्यवामीय सूक्त म्हणतात त्यात, कालचक्राचे वर्णन आहे. पाच आऱ्यांच्या त्या चाकावर सारी भुवने बसलेली आहेत. आणि ऋषी नवल कशाचे करतो? तर एवढा भार वाहूनही त्या चाकाचा आस तापत नाही, याचे! हे वाचले की वाटते, या ऋषीने गाडी हाकलेली असली पाहिजे. आस तापतो हे ज्याने हात लावून पाहिले असेल, त्यालाच न तापणाऱ्या आसाचे कौतुक!

लाकडी चाकाच्या बैलगाडीचा गाडीवान गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगूनच घराबाहेर पडत असे. आस कुरकुरू लागला, की गाडी थांबवून काळे वंगण चोपडावयाचे आणि पुढे निघावयाचे. घासणे हा चाकाचा स्वभाव; तो फक्त सुसह्य करावयाचा, एवढीच तेव्हा मजल होती. त्यापुढची युक्ती अशी, की चाकाला घासू द्यावयाचेच नाही, घरंगळू द्यावयाचे. दोन पोलादी कड्यांच्या मध्ये पोलादाचे गोल छरे बसवले, की एक कडे दुसऱ्यावर घासत नाही, छऱ्यांवरून अलगद फिरते. यालाच आपण बेअरिंग म्हणतो. वेल्समधील फिलिप वॉन नावाच्या गृहस्थाने 1794 साली घोडागाडीच्या आसासाठी या युक्तीचे पेटंट घेतले. पण युक्ती सुचणे वेगळे आणि छरे मिळणे वेगळे. सगळे छरे अगदी सारखे आणि अगदी गोल हवेत. एखादा केसभर मोठा निघाला, तर साऱ्यांचा भार त्या एकट्याच्या डोक्यावर! जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशरने 1883 साली छरे घासून एकसारखे गोल करणारे यंत्र बनवले, तेव्हा कुठे ही अडचण दूर झाली. पुढे बरोबर 60 वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन विमानांनी याच गावावर हल्ले चढवले. 14 ऑक्टोबर 1943 या एका दिवशी त्या हल्ल्यात त्यांची 60 बाँबफेकी विमाने कामास आली. एवढी किंमत कशासाठी मोजली? तर छरे मिळेनासे झाले, की शत्रूचे रणगाडे आणि विमाने आपोआप जागच्या जागी थांबतील, या हिशेबापायी.

हे सारे पुस्तकातले झाले. प्रत्यक्ष बेअरिंग मी पाहिले ते गेल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या नाना पेठेत.

आमच्या इमारतीमागच्या चाळीत एक तरुण राहतो. विजेवर चालणारी एक छोटी मालवाहू व्हॅन त्याने कर्ज काढून घेतली आहे. पहाटे गोदामावर जावयाचे, किराणा आणि खोकी भरावयाची आणि दिवसभर घरोघर पोचती करावयाची, हा त्याचा व्यवसाय. दिवाळीचे आठ दिवस म्हणजे त्याचा सुगीचा काळ. नेमक्या त्याच दिवसांत त्याची गाडी गुणगुणू लागली. “सर, जरा बसा नि ऐका,” असे म्हणून त्याने मला एका सकाळी महाविद्यालयापर्यंत नेले. वेग थोडा वाढला, की पायाखालून ‘घोंऽऽ’ असा आवाज येई, दूर कोठे पिठाची गिरणी चालू असावी तसा.

डिझेलच्या गाडीत ही गुणगुण बहुधा ऐकूच आली नसती. इंजिन असे घसा फोडून बोलत असते, की बाकीच्यांची कुजबूज त्यात बुडून जाते. विजेची गाडी स्वभावाने मुकी. युरोपात तर पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून नव्या बनावटीच्या विजेच्या गाड्यांनी कमी वेगात मुद्दाम आवाज केला पाहिजे, असा नियम जुलै 2019 पासून लागू झाला आहे. या मुकेपणाचा एक मोठा फायदा असा, की गाडीतले जे कोणी दुखावले असेल त्याचे कण्हणे लगेच कानावर येते. फक्त ऐकणाऱ्याला ते ऐकावयाचे असले पाहिजे.

तरुणाला ते ऐकावयाचे होते, त्याच्या ठेकेदाराला नव्हते. “भाऊबीजेपर्यंत चालव, मग काय ते दुरुस्त कर,” असे त्याने फोनवर ठणकावले. त्यातून दोन गॅरेजवाल्यांनी “विजेच्या गाडीला आम्ही हात लावत नाही” म्हणून वाटेला लावले. तिसरे एक वयस्कर उस्ताद भेटले. ते म्हणाले, “चाकाला काय ठाऊक, ते विजेवर फिरते की डिझेलवर?” मला हे वाक्य इतके आवडले, की रविवारी सकाळी त्या तरुणाबरोबर मीही उस्तादांच्या गाळ्यावर जाऊन बसलो.

उस्तादांनी प्रथम हत्यार उचलले नाही, गाडी रस्त्यावर नेली. आवाज टायरचा असेल तर रस्ता बदलला की बदलतो. हा बदलला नाही. मोटरचा असेल तर पाय उचलताच तो बदलतो. हा तसाच राहिला, गाडीचा वेग उतरेल तसतसा उतरत गेला. मग त्यांनी गाडी उजवीकडे वळवली, तेव्हा घोंघावणे वाढले; डावीकडे वळवली, तेव्हा कमी झाले. उजवे वळण घेताना गाडीचा भार डाव्या चाकावर कलतो; तेव्हा दुखणे पुढच्या डाव्या चाकात. आमच्या लहानपणचे वैद्य नाडी पाहून पोटातले सांगत, त्याची मला आठवण झाली.

गाळ्यात आल्यावर किल्ली काढून त्यांनी आपल्या खिशात टाकली, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि जॅक कुठे लावावयाचा ती खूण शोधली. अशा गाडीच्या पोटाखाली बॅटरी असते. भलत्या जागी जॅक लावला, तर चाकाचे दुखणे पोटावर जावयाचे. “आणि या नारिंगी तारा दिसतात ना, त्यांच्या वाटेला आपण जावयाचे नाही. आपले काम चाकाशी,” असे त्यांनी हाताखालच्या पोराला बजावले. चाक अधांतरी झाल्यावर वर आणि खाली धरून हलवले. किंचित खडखडले. मग एका हाताने ते फिरवीत दुसरा हात त्यांनी आतल्या स्प्रिंगवर ठेवला आणि मलाही ठेवावयास लावला. बारीक वाळूवरून पाटा सरकावा तशी खरखर तळहाताला जाणवली.

“उस्ताद, वंगण घालून भागणार नाही?” तरुणाने विचारले. खर्च टळला तर त्याला हवा होता.

“ते दिवस गेले, बेटा. ग्रीस आतच भरून दोन्ही बाजूंनी झाकण बसवलेले येते. वरून काही घालता येत नाही. पावसात गुडघाभर पाण्यातून गाडी नेली होतीस ना? झाकणातून थेंबभर पाणी आत गेले असेल. बाकीचे काम खड्ड्यांनी केले.”

मी मनाशी हिशेब केला. भरलेली व्हॅन दीड-दोन टनांची. म्हणजे एकेका चाकाच्या वाट्याला चारशे ते पाचशे किलो. चाकाचा घेर सुमारे 1.8 मीटर, तेव्हा एका किलोमीटरला साडेपाचशे फेरे. दिवसाला 80 किलोमीटर धरले, तर 44,000 फेरे! आणि हा सारा भार ज्या जागी छरा कड्याला टेकतो, ती जागा तिळाएवढीही नसते. तिथले पोलाद लाखो वेळा दबते, आतून थकते आणि एक दिवस त्याचा कपचा उडतो. मग गुणगुण सुरू होते. तिकडे काणाडोळा केला, तर खडखड. त्यानंतर चाक हलू लागते, तापते, अडकते, आणि कधी भर रस्त्यात जाग्यावरून सुटतेही. म्हणजे भाऊबीजेपर्यंत चालवावयाचे ते काय, हे कळले. त्या चाकामागे तो तरुण बसणार होता, आणि पुढे रस्त्यावर तुमची-आमची मुले चालणार होती.

मग खरे काम सुरू झाले. चाक निघाले. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तो तारेने वर टांगला. नळीवर लोंबकळत ठेवला नाही. वेग मोजणारा नाजूक सेन्सर हलकेच बाजूला केला. चाकाला धरून ठेवणारा पोलादी सांगाडा, ज्याला ते ‘नकल’ म्हणतात, तो सगळा सोडवून शेजारच्या प्रेसवर नेला. हब निघाला, पण बेअरिंगचे आतले कडे त्याला घट्ट चिकटून आले. ते हबला ओरखडा न काढता कापावयास उस्तादांना पाऊण तास लागला. जुने बेअरिंग उघडून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. ग्रीसचा चहासारखा रंग झालेला, आणि आरशासारख्या असावयाच्या वाटेवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

नवे बेअरिंग बसवताना मात्र त्यांनी पोराला दूर सारले. झाकणाची चुंबकी बाजू सेन्सरकडे आहे ना, हे दोनदा पाहिले. बेअरिंग नकलमध्ये दाबताना फक्त बाहेरच्या कड्यावर बसेल असे पोलादी वळे शोधून काढले. पुढे हब दाबण्याची वेळ आली, तेव्हा खालून आतल्या कड्याला आधार दिला. “जे कडे बसवावयाचे, त्यालाच दाबावयाचे. दाब छऱ्यांतून जाता कामा नये. गेला, तर आज काही दिसणार नाही. महिन्याभरात ओरडू लागेल.” शेवटी नवा नट, आणि तो नेमून दिलेल्या जोराएवढाच आवळणारा पाना. अंदाजाने आवळणे त्यांना मंजूर नव्हते.

उस्तादांचे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. एका बाजूला घरबसल्या वस्तू मागवणारे आपण, दुसऱ्या बाजूला त्या विकणारा. दोन्ही कडी भक्कम, आणि दोन्ही आपापल्या जागी स्वस्थ. घाई आपल्याला हवी, नफा त्याला हवा, नि दोहोंचा दाब जातो तो मधल्या छऱ्यांतून. जिने चढणारा, खोकी उचलणारा, गाडी हाकणारा तो मुलगा आज काही बोलत नाही. त्याची गुणगुण आपल्या कानावर येत नाही, कारण आपल्या घराचे इंजिन मोठ्याने चालू असते. त्या रविवारच्या दुरुस्तीचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून भरले. दिवसाची कमाई बुडाली ती वेगळीच, आणि कर्जाचा हप्ता काही दिवाळीची सुटी घेत नाही.

आमच्या इमारतीत त्या दिवशी तीन-चार घरांचा किराणा आला नाही आणि जिन्यात बरीच कुरकुर झाली. आमच्याकडची साखरही त्यातच होती. ही म्हणाली, “शंकरपाळी सोमवारी तळली, म्हणून काही दिवाळी रुसत नाही.” विषय तेथेच मिटला. मला वाटते, इतकी साधी गोष्ट सर्व घरांनी ठरवली, तर पुष्कळ चाकांवरचा भार हलका होईल.

संध्याकाळी उस्तादांनी गाडी पुन्हा रस्त्यावर काढली. आम्ही दोघे कान टवकारून बसलो होतो. उजवे वळण झाले, डावे झाले, वेग वाढला, उतरला.

“काय ऐकू येते?” उस्तादांनी विचारले.

“काहीच नाही,” तरुण म्हणाला.

“मग काम झाले.”

एवढे बोलून त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली. जगातील बहुतेक कामांची पावती टाळ्यांनी मिळते; भार वाहणाऱ्यांच्या कामाची पावती ही अशी शांततेने मिळते. वाचकहो, यंदा दारावरची घंटा वाजली आणि खोके घेऊन कुणी घामाघूम उभा असला, तर सही करता करता त्याला पाणी विचारा आणि “गाडी बरी चालते ना?” एवढेही विचारा. एखादे वेळी तो थांबून खरे उत्तर देईल. ते ऐकून घ्या.