नक्षी ठोकताना कातडे वाढते. तोटा एकट्या कारागिराचा का?

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठी देशभरातून घोडे येतात आणि त्यांच्यामागोमाग लगाम, तंग, खोगीर, रिकिबीचे पट्टे यांचाही बाजार लागतो. हौशी घोडेमालकाला नक्षीचा पट्टा आजही हवा असतो. तरीही आपल्या जिल्ह्यातील कारागिराचा माल पाहून गिऱ्हाईक तो खाली ठेवते आणि शेजारच्या दुकानातून कानपूरचा तयार माल किंवा सरळ नायलॉनचा पट्टा घेऊन जाते. गावच्या माणसाला सफाई येत नाही, असे आपण व्यापारी म्हणून मोकळे होतो. मला हे मान्य नाही. त्याची नक्षी चांगली असते, माल मार खातो तो मापात. आणि माप बिघडण्यात कातडे पुरवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. यात मी स्वतःलाही धरतो.

धानोऱ्याच्या एका वयस्क कारागिराकडून मी यात्रेसाठी रिकिबीच्या पट्ट्यांची जोडी करून घेतली होती. वेलबुट्टी अशी उठली होती की पाहत राहावे. पण खोगिरावर चढवताच एक पट्टा दुसऱ्यापेक्षा दोन बोटे लांब निघाला. स्वाराचा एक पाय वर, एक खाली. माल परत आला आणि मी त्यांची मजुरी कापली. ते एवढेच म्हणाले, "शेठ, कातडं तुमचं, हात माझा. चूक कोणाची ते तुम्हीच सांगा." तेव्हा मी उत्तर दिले नाही. नंतर गोदामात जाऊन पाहिले, तर एक पट्टा पाठीच्या कातड्याचा होता आणि दुसरा पोटाच्या.

कातडे म्हणजे तंतूंची गुंतलेली वीण. नक्षीसाठी ते ओले करावे लागते. ओले झाले की तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. वरून ठशाचा घाव बसला की जाडी दबते आणि दबलेला माल बाजूला पसरतो. म्हणून ठोकलेला पट्टा लांबीलाही वाढतो आणि रुंदीलाही. पाठीकडची वीण घट्ट असल्याने तेथे वाढ कमी व सारखी होते. पोटाकडे वीण सैल, तेथे कातडे वाटेल तसे ताणते. पट्टा कण्याच्या दिशेने कापला तर कमी वाढतो, आडवा कापला तर जास्त. ही गोष्ट कारागिराला ठाऊक असते, पण पाठीचे कातडे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. चांगला भाग आपण शहरातील बॅग आणि बेल्टवाल्यांना देतो. उरलेली पोटे आणि माना वजनावर गावाकडे जातात. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून भिस्त म्हशीच्या कातड्यावर आहे. ते जाड असते, पण त्याचा दाणा भरड. बारीक काम त्यावर तितके उठत नाही. बकरीदला जमणारी बकऱ्याची कातडी अस्तराला चालतील, घाव सोसणाऱ्या पट्ट्याला नाही. आणखी एक, ठसा धरते ते बाभळीच्या सालीत किंवा हिरड्यात कमावलेले कातडे. क्रोमचे कातडे मऊ आणि दिसायला छान, पण त्यावर मारलेला ठसा टिकत नाही. तरीही कित्येकदा कारागिराच्या गळ्यात तेच मारले जाते.

आता उपाय. अमेरिकेत नक्षीचे काम करणाऱ्यांनाही हीच अडचण येते आणि त्यांची तोड अगदी साधी आहे. कातडे ओले करण्यापूर्वी त्याच्या मागच्या बाजूला न ताणणारी वस्तू चिकटवायची. खोकी बंद करण्याची रुंद चिकटपट्टी एक थर उभी, एक थर आडवी लावली तरी बरेच काम भागते. त्याहून चांगली म्हणजे एक्स-रेची जुनी फिल्म. रबराच्या सोल्युशनचा पातळ हात देऊन ती मागे बसवली की घाव बसला तरी कातड्याला पसरायला वाव राहत नाही. मग पाणी फक्त वरच्या बाजूने, ओल्या स्पंजने द्यावे. काम संपून कातडे पूर्ण वाळल्यावर फिल्म हळूहळू सोलून काढावी. घाईने ओढली तर मागचे तंतू उपटून येतात आणि तिथेच कातडे पुन्हा ताणते. पट्ट्याला अस्तर लागणार असेल तर ही काळजी थोडी कमी.

पाण्याचा हिशोब तर फिल्मपेक्षाही महत्त्वाचा आहे. चिंब कातड्यावर ठोकले की ठसा खोल जातो, पण कातडे पिठासारखे पसरते. ओले करून प्लास्टिकमध्ये रात्रभर गुंडाळून ठेवावे, मग उघडून त्याचा मूळ रंग परतू द्यावा. गालाला गार लागावे, पण बोटाला पाणी लागू नये; ही काम सुरू करण्याची वेळ. आपल्याकडे उन्हाळ्यात कातडे अर्ध्या तासात कोरडे पडते आणि कारागीर पुन्हा पुन्हा पाणी मारतो. प्रत्येक वेळी थोडी वाढ. त्यापेक्षा काम सकाळी करावे आणि जेवढ्या भागावर हात चालू आहे तेवढा सोडून बाकीचा झाकून ठेवावा. खाली लाकडी पाट नको, तो घावाखाली दबतो. फरशीच्या दुकानात ग्रॅनाइटचा तुकडा मिळतो तो घ्यावा.

सर्वात मोठी चूक मात्र कापण्याच्या क्रमात होते. आधी मापात कापायचे, भोके पाडायची आणि मग नक्षी ठोकायची, ही रीत सोडली पाहिजे. तुकडा चारही बाजूंनी जास्तीचा घ्यावा, नक्षी करावी, सावलीत सपाट वाळवावा, आणि मगच रापी लावून माप साधावे. बकलाची भोके अगदी शेवटी. जोडी असेल तर दोन्ही पट्टे एकाच पाठीतून, शेजारी शेजारी काढावेत आणि दोघांना एकाच वेळी ओले करावे.

हे सारे ऐकून धानोऱ्याचे तेच कारागीर हसले होते. म्हणाले, "वाळवायला दोन दिवस कोण देतो?" मुद्दा येथेच आहे. जास्तीचा तुकडा म्हणजे जास्त कातडे आणि वाळवणे म्हणजे बिनमजुरीचे दिवस. आपण मजुरी नगावर देतो, तीही माल खपल्यावर. मग तो ओलाच पट्टा कापून आपल्या हातात देणार नाही तर काय करील? उन्हात टाकून वाळवलेला पट्टा आकसतो, वाकडा होतो, आणि पुन्हा दोष त्याच्याच हाताला.

माझ्यापुरते मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. नक्षीच्या कामाला पाठीचेच कातडे द्यायचे आणि कापातली कतरण माझ्या खाती धरायची. वाळवणीचे दिवस मजुरीत मोजायचे. भाव थोडा चढतो, हे खरे. पण परत आलेल्या जोडीत कातडे, मजुरी आणि गिऱ्हाईक तिन्ही जातात. यात्रेची मागणी दिवाळीच्या आत कारागिराच्या हाती पडली तर पुढचे पाच-सहा आठवडे त्याला पुरतात. ज्याला यात्रेच्या आठवडाभर आधी आठवण होते, त्याने नक्षी मागू नये, साधा पट्टा घ्यावा.