छर्रा नंबराने नव्हे, ग्रॅमने मागा

सुताच्या धंद्यात पहिला धडा नंबराचा असतो. नंबर वाढला की सूत बारीक होते. वीस नंबरचे सूत जाड, ऐंशीचे अगदी तलम. मात्र नायलॉनच्या बाजारात पाऊल टाकले की हिशेब उलटा होतो. तेथे डेनियर वाढले की धागा जाड. नवे गिऱ्हाईक येथे हमखास फसते, आणि फसल्यावर दोष दुकानदाराच्या माथी मारते.

हाच घोटाळा मासे गरवण्याच्या सामानात आहे, हे मला उशिरा कळले. माझा भाचा बर्मिंगहॅमला असतो. तिकडे कालव्याच्या काठी बसून बारीक तंगूस आणि तरंगत्या बुचाने मासे गरवण्याचा नाद त्याला लागला आहे. सुट्टीत आला तेव्हा खिशात एक गोल डबी होती, आत कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात वेगळ्या आकाराचे चिरलेले छर्रे. मी एक छर्रा तंगुसावर बसवला आणि सवयीप्रमाणे दाताखाली दाबायला गेलो, तर तो ओरडलाच, "मामू, दातांनी नका दाबू!"

माझ्या पिढीने शिसे दातांनीच दाबले. त्यात काही वावगे आहे असे कोणी सांगितले नव्हते.

प्रथम नंबराचे बघू. हे छर्रे मुळात बंदुकीच्या छर्‍यांतून आले, म्हणून नावेही तीच राहिली. मोठ्यांना अक्षरे आहेत. एसएसजी सुमारे १.६ ग्रॅम, एएए ०.८ ग्रॅम, बीबी ०.४ ग्रॅम. म्हणजे एका एसएसजीत दोन एएए आणि चार बीबी. पुढे आकडे सुरू होतात, आणि ते सुताप्रमाणे उलटे चालतात. चार नंबर सुमारे ०.२ ग्रॅम, सहा नंबर ०.१ ग्रॅम, आठ नंबर ०.०६ ग्रॅम. सराफाची गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची, तेव्हा सहा नंबरचा छर्रा गुंजेपेक्षाही हलका. अशा मालात एका कारखान्याचा चार नंबर दुसऱ्याच्या चार नंबराशी जुळेलच असे नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की दुकानात नंबर सांगू नका, ग्रॅम सांगा. ज्या पाकिटावर ग्रॅम छापलेले नाहीत ते परत ठेवा.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असे कोणी विचारील. बुचावर "३ बीबी" लिहिले असेल तर त्याला १.२ ग्रॅम वजन लागते. तेवढे दिले की बुचाचे फक्त टोक पाण्यावर राहते. वजन कमी पडले तर बूच उंच तरंगते, माशाला ओढताना ते जाणवते आणि तो आमिष सोडून देतो. जास्त झाले तर बूच बुडते. दोन-तीन पौंड ताण सोसणाऱ्या तंगुसावर हा खेळ गुंजेच्या हिशेबाने चालतो. तीन बीबीच एका जागी लावावेत असेही नाही. बहुतेक वजन बुचाला लागून ठेवावे आणि बाकीचे आठ-दहा नंबरचे बारीक छर्रे खाली अंतराअंतराने लावावेत, म्हणजे आमिष सावकाश उतरते. इंग्रज लोक या पद्धतीला शर्टाच्या गुंड्यांची पद्धत म्हणतात. कापडवाल्याला ही उपमा आवडली नाही तरच नवल! सर्वांत खालचा, गळाजवळचा छर्रा सर्वांत हलका असावा. माशाने आमिष उचलले की त्या छर्‍याचा भार बुचावरून उतरतो आणि बूच वर येते. बूच बुडण्याचीच वाट पाहणारा हा मासा गमावतो.

आता पुन्हा वापरण्याबद्दल. छर्रा स्वस्त, म्हणून तो काढून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. तंगूस गुंतला की कापला आणि छर्‍यांसकट काठावर टाकला. स्वस्त मालाची ही नेहमीची रड आहे. किंमत नाही म्हणून किंमत ठेवली जात नाही. वास्तविक मऊ छर्रा चिरेत नख घालून उघडता येतो आणि चार-पाच फेऱ्या सहज चालतो. चीर सैल पडली की तो बाद समजावा. पकडीने आवळून त्याला पुन्हा कामाला लावू नये, कारण कडक दाबाखाली तंगूस चिरडतो आणि मोठा मासा नेमका तेथेच तोडतो. जागा बदलायची झाली तर तंगूस आधी ओला करावा, छर्रा थोडा सैल करावा, मग सरकवावा. कोरड्या नायलॉनवर घट्ट छर्रा ओढला तर घर्षणाने धागा तापतो आणि कमजोर होतो. मागावर कोरड्या गाईडमधून जाणाऱ्या नायलॉनचे काय होते ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

पण टाकलेल्या छर्‍याचे पुढे काय होते? विलायतेत याचे उत्तर हंसांनी दिले. हंस दाणा दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो. खड्यांबरोबर छर्रेही पोटात जात. पेषणीत शिसे दळले जाऊन रक्तात उतरे, मानेचे स्नायू लुळे पडत, अन्न खाली उतरेना आणि पक्षी उपाशी मरे. शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावातील नदीवरचा हंसांचा थवा १९७० च्या दशकात याच कारणाने नाहीसा झाला. १९८१ मध्ये सरकारच्या निसर्गरक्षण मंडळाच्या अहवालाने शिसे पाच वर्षांत बंद करावे असे सुचवले. आधी समजुतीने सांगून पाहिले, ते पुरेसे पडले नाही. अखेर १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री आणि आयात बंद झाली. त्याहून बारीक छर्रे तेवढे शिशाचे राहिले.

व्यापाऱ्याने येथे कान द्यावा. कायदा आल्यावर गळाच्या सामानाचा धंदा बुडाला नाही. बदली माल सुरुवातीला कडक होता, तंगूस कापायचा, गिऱ्हाइके कुरकुरली. पुढे माल सुधारला. हंसही पुढच्या वर्षांत वाढले, जरी चिखलात रुतलेले जुने शिसे अजून कोठे कोठे त्यांच्या पोटात जाते.

बदली मालात कथील हा आपल्या कल्हईवाल्यांच्या ओळखीचा धातू आहे. शिशाची घनता ११.३, कथिलाची ७.३, तेव्हा त्याच वजनाचा कथिली छर्रा घेराने थोडा मोठा दिसतो. व्यास सहावा हिस्सा वाढतो, इतकेच. चार किंवा सहा नंबरात हा फरक माशाने ओळखला तर त्याला सलाम करावा. टंगस्टनची लुकणासारखी मळलेली पेस्टही मिळते. चिमूटभर घेऊन तंगुसावर दाबायची, काम झाले की काढून पुन्हा गोळीत मिसळायची. पुन्हा वापरण्यासारखा याहून सोपा जिन्नस मी पाहिलेला नाही. थंडीत ती कडक होते, तेव्हा बोटांत धरून थोडी गरम करावी लागते. दोन्ही शिशापेक्षा महाग आहेत, हे कबूल. पण दहा रुपयांचा जिन्नस पाच वेळा वापरला तर खेपेला दोन रुपये पडतात, आणि दोन रुपयांचा दरवेळी फेकला तरी दोनच. हा हिशेब दुकानदाराने गिऱ्हाइकाला करून दाखवावा. नफा त्याचाही आहे.

आपल्याकडे हंस नाहीत, असे म्हणून सुटका होत नाही. खडे गिळणारी बदके आहेत. आणि त्याहून जवळची गोष्ट म्हणजे घरातली मुले. कोकणात पागाच्या घेराला शिसे लावतात, आणि जुन्या बॅटरीचे शिसे चुलीवर वितळवून वजने ओतणारे मी पाहिले आहेत, शेजारी पोरे खेळत असताना. शिसे ३२७ अंशांवर वितळते, चुलीला ते काही कठीण नाही. त्याची वाफ आणि राख लहान मुलाच्या मेंदूला बाधते. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशाने पेट्रोलमधून शिसे काढले ते याच भीतीने. मग तेच शिसे भाकरीच्या चुलीवर कशासाठी?

माझ्या जुन्या डबीतले छर्रे मी मुलांच्या हाती दिले नाहीत आणि खाडीतही टाकले नाहीत. भंगारवाल्याला दिले. त्याने काट्यावर टाकले, सव्वाशे ग्रॅम भरले, आणि दुसरे काही नाही का म्हणून विचारले. घरी येऊन आधी हात धुतले.