घरातला चोर

गेल्या दिवाळीची गोष्ट. छत्रपती संभाजीनगरात, समर्थनगरच्या आमच्या घरी फराळाला आलेल्या मेहुण्यांनी मला चारचौघांत चोर ठरविले! गुन्हा एवढाच, की कचेरीमुळे चुकणारी मालिका मी संगणकावरच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड करून रात्री पाहतो.

“दाजी, ती सॉफ्टवेअरं चोरांची!” मेहुणे म्हणाले. हिने हसण्यावारी नेले, पण चिरंजीवांनी हळूच विचारले, “बाबा, खरंच?” मग मला कसली झोप लागते!

सकाळीच वकील मित्राला गाठले. त्याने 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 39 वे कलम पुढे ठेवले. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी कार्यक्रम रेकॉर्ड केला, तर प्रक्षेपण करणाऱ्याच्या हक्काचा भंग होत नाही. अमेरिकेत सोनी कंपनीच्या ‘बीटामॅक्स’ यंत्रावर असाच खटला गुदरला होता. पुढे पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे गैर नाही आणि यंत्र विकणाराही दोषी नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली दिला. तोही पाच विरुद्ध चार मतांनी!

मग बदनामी कशाची? त्याच सॉफ्टवेअरने परवानगीवाचून सामना गावभर दाखविता येतो, त्याची. तो मात्र गुन्हाच. विळीने भाजी चिरावी की दुसऱ्याचे बोट, हे विळी ठरवीत नाही.

मेहुण्यांना हे सारे ऐकविले. ते खुलले. “मग दाजी, रविवारचा सामना आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सोडा की!”

मी नाही म्हणालो. ते रुसले. यंदा फराळाला येतात की नाही, देव जाणे! चिरंजीवांनी मात्र तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.