घरातला चोरटा डोळा

या महिन्यात आमच्याकडे दोन पत्रे एकापाठोपाठ आली. पहिले साताऱ्याच्या एका भगिनींचे. घरच्या संगणकावर त्या हिशेब ठेवितात, माहेरी पत्रे लिहितात. परंतु पडद्यावर जे दिसते ते कोणी गुपचूप टिपून घेत आहे, अशी त्यांस शंका आहे. दुसरे सांगलीच्या एका गृहस्थांचे. कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांचा संगणक त्यांस नकळत पाहता येईल असे साधन कोणते, हे त्यांस हवे आहे. एकाच रोगाची ही दोन टोके असल्याने उत्तरही आम्ही एकत्रच देतो.

भगिनींची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ठराविक अंतराने पडद्याची चित्रे घेणारे, दाबलेली अक्षरे नोंदणारे व ते सारे परस्पर दूर धाडणारे प्रोग्रॅम असतात. भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या हार्ड डिस्कची प्रत अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने तपासली. जून २०१६ मध्ये ई-मेलच्या वाटेने ‘नेटवायर’ हा प्रोग्रॅम शिरला व बाहेरून कागदपत्रे आत ठेवली गेली, असा निष्कर्ष तिच्या फेब्रुवारी २०२१ मध्ये उजेडात आलेल्या अहवालात आहे. तपासयंत्रणेने तो मान्य केला नाही. त्याचा निवाडा न्यायालयाचा. आम्हांस येथे एवढेच घ्यावयाचे की, डिस्कची प्रत शाबूत होती म्हणूनच तपास होऊ शकला. सबब घाईने सारे पुसून टाकू नये.

मग करावे काय? संशय असलेल्या यंत्रावर त्या संशयाविषयी अक्षरही लिहू नये. पासवर्ड दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावरून बदलावेत. नंतर विंडोजमध्ये स्थापित प्रोग्रॅमांची यादी पाहावी, व संगणक सुरू होताच कोणते प्रोग्रॅम आपोआप चालू होतात ते टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. मॅकमध्ये पडदा टिपण्याची परवानगी कोणास दिली आहे, ते प्रायव्हसीच्या पानावर दिसते. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर आढळल्यास ते कोणी व कशासाठी घातले, हे शोधावे. एनीडेस्कच्या मार्गाने होणाऱ्या फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांस सावध केले होते. मात्र अनोळखी नाव दिसले म्हणजे चोर सापडला, असे नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली जाहीर केलेली ‘रिकॉल’ ही सोयही काही नव्या संगणकांवर पडद्याची चित्रे साठविते. पण ती संमतीने, व त्याच यंत्रात. उलट, काहीच दिसले नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. चांगला हेर आपले नाव दाराबाहेर लावीत नाही.

जे आढळेल त्याची छायाचित्रे दुसऱ्या फोनवर घ्यावीत व जाणकाराकडून डिस्कची प्रत करवून घ्यावी. त्यानंतर घरच्या मंडळींस उघड विचारावे. परंतु घरात धाक असेल, तर विचारण्यापूर्वी विश्वासाच्या माणसास कळवावे. प्रोग्रॅम काढताच पाहणारा सावध होतो. पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. इतर बाबतीत जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे, परवानगीवाचून शिरणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

आता सांगलीकर गृहस्थांस. संगणक आपण विकत घेतला असेल; चिरंजीवांचे मन घेतलेले नाही. १९४३ पासून आपल्या या भागात, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले, तेव्हा लोकांस खबऱ्याचा किती तिटकारा होता, हे आपल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले असेलच. तोच खबऱ्या आपण हाताने घरात आणू पाहता. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पतिपत्नींमधील चोरून घेतलेले ध्वनिमुद्रण पुराव्यात घेता येते, असा निर्णय दिला; पण त्याच निकालात, दोघे एकमेकांवर पाळत ठेवू लागले तर ते नाते मोडल्याचेच लक्षण होय, असेही बजावले. पितापुत्रांस हे कमी लागू नाही. मुलाविषयी काळजी असेल तर नियम त्याच्या देखत ठरवावे, संगणक माजघरात ठेवावा, आणि पाहणे असेल ते सांगून पाहावे. सांगून ठेवलेली नजर मुलगा पुढेमागे विसरेल. चोरून ठेवलेली एकदा उघडकीस आली म्हणजे जन्मभर विसरणार नाही.