सातभाईंचें घर

मे महिना सरत आला म्हणजे सुट्टीस जमलेल्या घराची मोठी चमत्कारिक अवस्था होते. आंबे संपत आलेले असतात, पत्त्यांचा कंटाळा आलेला असतो, आणि पाऊस तर अद्याप उंबरठ्याबाहेरच असतो. अशा दिवसांत पांखरें पाहण्याइतका बिनखर्ची उद्योग दुसरा नाहीं. यंदा आम्हीं तो केला. साहित्य म्हणाल तर एक जुनी दुर्बीण, १९४१ सालीं प्रथम निघालेल्या सालिम अलींच्या पुस्तकाची अलीकडील आवृत्ति, आणि पुतण्याभाच्यांचे आठ डोळे.

साताऱ्यास आमचें घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं आहे. परसांतील चिंचेवर पहांटेपासून पावशाची हांक सुरू होई. 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतां म्हणतां त्याचा सूर पायरीपायरीनें चढे आणि टिपेला पोंचून एकदम तुटे. शेतकऱ्यास पेरणीची आठवण देणारा म्हणून या पक्ष्याचें आपणांस केवढें कौतुक! उन्हाळ्यानें हैराण झालेल्या इंग्रजांनीं मात्र त्याला 'मेंदूज्वराचा पक्षी' असें नांव ठेविलें. चार दिवस नुसता आवाजच ऐकूं आला, पांचव्या दिवशीं तो दिसला, तेव्हां धाकटा भाचा ओरडला, "मामा, हा तर शिकरा!" त्याची चूक नव्हती. राखी पाठ, शेपटीवरील पट्टे, उडण्याची ढब, सारें शिकऱ्याचें.

त्याच चिंचेखालीं पाचोळा उलथापालथा करीत सातभाईंचा घोळका हिंडे. मळकट रंग, विस्कटलेलीं पिसें आणि अखंड कलकलाट. त्यांच्याकडे दुर्बीण वळवावी असें कोणासच वाटलें नाहीं.

पुढें आम्ही सांगलीस गेलों, तें मात्र केवळ पक्ष्यांसाठीं नव्हे. तेथें नदीजवळच्या घरांत माझा धाकटा भाऊ व आमची मोठी आत्या राहतात. मी चार वर्षांचा असतां आई गेली; तेव्हांपासून आम्हां भावंडांस आत्यानेंच वाढविलें. २०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णेचें पाणी त्या घरांत शिरलें. २०२१ सालीं सांगलीस पुन्हां पूर आला. आतां ऐंशी उलटलेल्या आत्यानें पावसाळ्यांत तेथें राहावें कीं नाहीं, हें ठरविण्यास आम्ही जमलों होतों.

सांगलीस ओसरीसमोर येत ते मोठे सातभाई. अंग राखी, शेपटीच्या कडा पांढऱ्या. १८३२ सालीं दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध करणाऱ्या कर्नल साइक्सनें यांस शास्त्रीय नांव दिलें, तें मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्यावरून. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचें नांवही त्यांचेंच. आत्या रोज सकाळीं भाताचीं शितें टाकी आणि हा घोळका गोळा होई.

एके सकाळीं मुलांस दिसलें कीं, चार सातभाई पाळीपाळीनें एका पिलास भरवीत आहेत. पिलाच्या छातीवर तपकिरी रेघा, शेपटीवर पट्टे. घोळक्यांतील कोणासारखेंच तें दिसेना. पुस्तक उघडलें. तें पावशाचें पिलूं होतें!

पावशा घरटें बांधीतच नाहीं. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यांत अंडें घालते. दोघांचींही अंडीं निळींच. अंड्यांतून बाहेर आलेलें पिलूं पुष्कळदां यजमानाचीं अंडीं खालीं ढकलून देतें, आणि घरटें सोडल्यावरही सुमारें महिनाभर सातभाईंच्या मागें ओरडत फिरतें. सातभाईंचें कुटुंब आपल्यासारखेंच एकत्र असतें. पिलांस आईबापांखेरीज थोरलीं भावंडेंही भरवितात. त्या साऱ्यांचे श्रम एका परक्या चोंचींत जातात.

"मग त्यांना कळत कसं नाहीं?" पुतणी रागावून म्हणाली.

आत्या शितें टाकतां टाकतां म्हणाली, "अगं, पोर समोर भुकेनं ओरडत असलं, म्हणजे तें कोणाचं, हें विचारायला सवड कोणाला असते?"

पांखरांच्या ठायीं परोपकारबुद्धि असते असें मी म्हणत नाहीं. सातभाई फसतात, एवढेंच शास्त्र सांगतें. आत्या मात्र फसलेली नव्हती. आम्ही कोणाचीं पोरें, हें तिला पुरतें ठाऊक होतें. आणि आम्ही भाऊ दोन दिवस माजघरांत बसून तिच्या सोयीचा खल करीत होतों. पण तिच्या मनांत काय आहे, हें एकानेंही विचारलें नव्हतें. पावशाच्या हांकेसाठीं मी चार पहांटे जागून काढल्या होत्या!

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर तिला विचारलें. उत्तर तयारच होतें : "पावसाळा साताऱ्यास काढीन, दिवाळीनंतर पुन्हां इथं. मात्र माझ्या सातभाईंना कोणीतरी शितं घालीत जा." तें काम पुतणीनें आपल्याकडे घेतलें.

जूनच्या आरंभीं आत्यास घेऊन आम्ही साताऱ्यास परतलों. दुसऱ्या दिवशीं पहांटे चिंचेवर पावशा ओरडतच होता. आत्यानें क्षणभर कान दिला आणि म्हणाली, "गळा छान आहे हो मेल्याचा, पोरं मात्र दुसऱ्यांनीं वाढवायचीं!"