भरती संपली, धावणं थांबलं!

पहाटे अंगणात सडा टाकताना पुसद रोडकडे धावत जाणाऱ्या मुली दिसल्या, की समजायचं पोलीस भरती निघाली. महिलांसाठी ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी असते. भरती आटोपली की रस्ता पुन्हा रिकामा!

आमच्या गल्लीतली बी.ए.ला असलेली एक मुलगी अशीच चार महिने धावली. थोडक्यात हुकली. दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर. विचारलं तर म्हणाली, "काकू, आता कशासाठी धावू?"

मैत्रिणींनो, आपण अशा पोरींना आळशी म्हणून मोकळ्या होतो. पण चार महिने पहाटे उठणारी मुलगी आळशी कशी? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. नुसत्या गुणांसाठी, बक्षिसासाठी धरलेली सवय ते कारण संपलं की बहुधा सुटते. स्वतःच्या मर्जीने केलेलं, जमतंय असं वाटणारं आणि सोबत असलेलं काम मात्र टिकतं. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'मला हे जमेल' या विश्वासाचं महत्त्व मांडलं. तो विश्वास छोट्या छोट्या यशातून येतो, आपल्यासारखीच दुसरी करताना पाहून येतो आणि कुणी धीर दिला तर वाढतो.

आणि आपण काय देतो? खोटं कशाला बोलू, मीच त्या पोरीला म्हटलं होतं, "बरं झालं बाई, उन्हात काळी पडली होतीस." धीर देणं दूरच, जे बळ आलं होतं तेही मी काढून घेतलं. त्यात रस्त्यावरच्या नजरा आणि 'लोक काय म्हणतील' हे आहेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेले आकडे पाहा. २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के प्रौढ महिलांची हालचाल पुरेशी नव्हती; पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होतं. पुरेशी म्हणजे आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालण्याइतकी. घरकामही यात धरलेलं आहे, तरी ही गत! म्हणजे प्रश्न फक्त पोरींचा नाही, आपलाही आहे.

मग मी तिच्या दारी गेले. म्हटलं, "मला चालायला सोबत पाहिजे, येशील का?" आता आम्ही चौघी-पाचजणी सकाळी वीस मिनिटं चालतो. कधी दोघीच उरतो, पण खाडा होत नाही. वेग तीच ठरवते. आम्ही काकू मंडळी धापा टाकत मागे! परवा तिने बूट धुऊन वाळत घातलेले दिसले. पुढची भरती कधी, हे काही तिने विचारलं नाही.

तुमच्या घरातली मुलगी उद्या पहाटे उठली, तर 'कशाला' म्हणू नका. पदर खोचा आणि तिच्यासोबत निघा.